आमच्या पेटीत कमी पडलेली मतं

सदुसष्ट साली विधानसभेच्या एकाच निवडणुकीत मी दोन उमेदवारांना शब्द दिला होता. एकाला नारळावर हात ठेवून, दुसऱ्याला बेल-भंडारा उचलून. त्यात माझं काही बिघडलं नाही. नोकरी टिकली, भाऊ कामाला लागला, पुढं क्वार्टरही मिळालं. बिघडलं ते ज्यानं कसलीच शपथ घेतली नव्हती त्याचं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. आता लिहितोय, कारण घरात सांगायला कुणी उरलेलं नाही.

तेव्हा मी रहाटणीत खोली घेऊन राहत होतो. रहाटणी म्हणजे तेव्हा निव्वळ खेडं. मालकाच्या गोठ्याला लागून माझी खोली, पुढं कांद्याचे वाफे. आई आणि बायको माणदेशात, गावी. कंपनी पवनेच्या पलीकडं पिंपरीत, जायला यायला सायकल. कामावर असलं की मशीनच्या आवाजात दिवस जायचा, पण खोलीवर आलं की बोलायला भिंत. रविवार तर खायला उठायचा. स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा, तो खायचा आणि आडवं व्हायचं. एकदा शनिवारी दुपारी सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. सोमवारी गेटवर हजेरीचा नंबर सांगायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. वॉचमन म्हणाला, "काय, रात्री जास्त झाली का?" मला रडू येईल की काय असं वाटलं.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लोक जिल्ह्याजिल्ह्यानं बसायचे. कोकणातले एका झाडाखाली, नगरचे दुसऱ्या, आमच्याकडचे पाण्याच्या टाकीजवळ. मी आमच्यातही कडेलाच असायचो, कारण मला पटकन राग यायचा आणि मग तोंड सुटायचं. माझ्या लेथच्या शेजारी ड्रिलिंग मशीनवर एक जण होता, बीड जिल्ह्यातला. बौद्ध. टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत काम, असं त्याचं तीन वर्षं चाललं होतं. तो एक दिवस डबा घेऊन माझ्यापुढं येऊन बसला आणि म्हणाला, "काय राव, भिंतीशी बोलताय व्हय?" डबा उघडून त्यानं माझ्याकडं सरकवला. खोटं कशाला बोलू, माझा हात क्षणभर थांबला. आमच्या घरची वळणं तशीच होती. त्यानं ते पाहिलं आणि खदखदून हसला. "बाटायचं असेल तर लवकर बाट लेका. सुट्टी अर्ध्या तासाचीच हाय." मी लाजलो आणि त्याच्या डब्यातली भाकर मोडली. त्या दिवसापासून आमचं जेवण एकत्र.

तो सातवीपर्यंत शिकलेला, मी चौथी नापास, नीट लिहायला शिकलो ते फार पुढं. माझी पत्रं तोच लिहायचा. मी सांगायचो, "लिही, इकडं सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी." तो पेन खाली ठेवायचा. "ही बायको हाय का तहसीलदार? अरे, आठवण येते म्हणून लिही की!" मी नको नको म्हणायचो आणि तो लिहून मोकळा व्हायचा. पुढं मी गावी गेलो तर बायको पदर तोंडावर घेऊन हसली आणि म्हणाली, हल्ली पत्रं बरी येतात. त्याची बायको आणि दोन मुली त्याच्याजवळच होत्या, पिंपरीत रेल्वे लाइनीच्या कडेच्या वस्तीत. मला त्याचा हेवा वाटायचा. आणि बोलायला त्याला विषय एकच, राजकारण. कोण कुणाला फोडतंय, कोण कुणाच्या जिवावर उभा आहे, कुठल्या मंडळानं कुणाला पाठिंबा दिला. भाकरीच्या प्रत्येक घासाला राजकारण. मी म्हणायचो, "गप रे बाबा, जेवू दे." तरी ऐकायचो, मला बरं वाटायचं.

मग निवडणूक लागली. आमच्या युनियननं एका वकिलाला पाठिंबा जाहीर केला. तो आमच्या केसेस लढायचा. दोस्ताच्या वस्तीला उठवायची नोटीस आली होती, तीही त्यानंच थांबवली होती. वर्कशॉपवाल्या मालकांच्या संघटनेनं दुसरा उमेदवार धरला. या दोघांच्या मधे मग सगळी मंडळं जागी झाली. तालुक्यांची रहिवासी मंडळं, भजनी मंडळं, तालमी. निवडणूक आली की आमच्या भागात माणसाला एकटं राहू देत नाहीत, कुणाचा तरी करून घेतात. वर्षभर माझं दार कुणी वाजवलं नव्हतं. त्या महिन्यात तीनदा पाहुण्यांना चहा करावा लागला, कपबशा मालकिणीकडून मागून आणल्या. लोक माझ्या आईची तब्येत विचारत होते. मतासाठी आलेत हे न कळायला मी काय दूधखुळा होतो? तरी हरखलोच.

त्यातला एक आमच्या तालुक्याचा मुकादम. वर्कशॉपांना माणसं पुरवायचा आणि आमच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्षही तोच. मालकांच्या संघटनेनं त्याला सांगितलं होतं, तुमच्या तालुक्याची मतं आणा, घरटी एक माणूस कामाला लावू. माझा धाकटा भाऊ गावी नुसता बसून होता. वडील गेलेले, शेत खडकाळ, पावसाचा पत्ता नाही. आई प्रत्येक पत्रात एकच लिहून पाठवायची, त्याचं बघ. मुकादमाच्या अंगणात आम्ही वीसेक जण जमलो. मधे पाटावर नारळ. एकेकानं जाऊन त्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मंडळ सांगेल तिकडं माझं मत." मी हात ठेवला. मुकादम म्हणाला, "भावाला बोलावून घे." मी घरी आलो आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

दोस्ताचं सगळं दुसरीकडं अडकलेलं. टेंपररीतून कायम कुणाला करायचं ती यादी युनियन कंपनीला द्यायची. सेक्रेटरीनं त्याला सांगितलं होतं, निवडणुकीनंतरच्या यादीत तुझं नाव आहे. कायम झाला असता तर ब्रेक संपला असता, मुलींची शाळा सुटली नसती, वस्तीतून निघून चाळीत खोली घेता आली असती. पण यादी नसती तरी त्यानं वकिलाचंच काम केलं असतं. शिफ्ट सुटली की तो वस्तीत घरोघर फिरायचा. माझ्या मागं लागून मलाही दोनदा नेलं. मनात नारळ होता आणि तोंडानं मी वकिलाचा प्रचार करत होतो. दोन दगडांवर पाय म्हणतात तो असा.

नारळांची बातमी युनियनला लागलीच. सेक्रेटरी एरवी देवाधर्माची टिंगल करणारा माणूस. गेटमीटिंगला म्हणायचा, देव म्हणजे मालकाचा मालक! पण मतांचा मामला आल्यावर त्याला खंडोबा आठवला. मतदानाच्या आधीच्या रविवारी त्यानं सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ते नारळावर हात ठेवतात तर आपण भंडारा उचलू, बघू कोण मोडतो! आमच्याकडं बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मोडला तर घर बसतं, वंश बुडतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. पुजाऱ्यानं ताटात हळदीचा भंडारा आणि बेलाची पानं ठेवली होती. रांग लागली. माझी पाळी आली. मागं सगळं डिपार्टमेंट उभं. माघारी कसा फिरणार? उचलला. पुजाऱ्यानं कपाळाला मळवट भरला.

दोस्त पायरीच्या खाली उभा होता. सेक्रेटरीनं हाक मारली, "ये रे, तू राहिलास."

तो म्हणाला, "मी न्हाई उचलणार."

सेक्रेटरी हसला. "अरे, नुसती पद्धत आहे."

"ती पद्धतच सोडलीय आमी. बापानं देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले तवा मी शेजारी उभा होतो. मला मिसरूड फुटत होतं. खंडोबाचाबी टाक होता त्यात. आता मतासाठी तोच भंडारा कपाळाला लावू? माझा शब्द घ्या. वस्तीचा शब्द घ्या. एक मत हलणार न्हाई."

तो चढ्या आवाजात बोलला नाही. सेक्रेटरी म्हणाला, "बरं बरं," आणि विषय संपवला. पण रांगेतून कुणीतरी पुटपुटलंच, "शपथ नको म्हणजे मनात खोट." दोन-चार माना हलल्या. कपाळ पिवळंजर्द घेऊन मी तिथंच उभा होतो. माझ्याइतकी खोट त्या देवळात कुणाच्या मनात असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

परतताना सायकल हातात धरून आम्ही दोघं नदीपर्यंत चालत गेलो. मला राहवेना, मी त्याला नारळाचं सांगून टाकलं. तो थांबला आणि पोट धरून हसला. "दोन नवरे केलेस म्हण की!" मी चिडलो. "हसतोस काय? भावाचं काय करू? आईला काय सांगू?" मग तो शांत झाला. म्हणाला, "हे बघ, आता एकच शब्द पाळता येणार. कुणाचा ते तुझं तू ठरव. मला सांगू नको, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागणार न्हाई." एवढं बोलून तो वस्तीकडं वळला.

मतदान रहाटणीच्या शाळेत. मतपत्रिका दोन, एक दिल्लीची, एक विधानसभेची. दिल्लीवर झटकन शिक्का मारला, तिथं मला कुणी बांधलेलं नव्हतं. दुसऱ्या कागदापुढं मात्र अडलो. एकीकडं खंडोबा, दुसरीकडं भाऊ. वकील भला माणूस होता, माझ्यासारख्यांच्या बाजूचा होता, हे मला कळत होतं. आणि भाऊ गाडीत बसून निघालाही होता. आतल्या बाईंनी हटकलं, "आटपा हो." मी मालकांच्या उमेदवारावर शिक्का मारला. देवाला म्हटलं, काय करायचं ते माझं कर, पोराचं करू नको. तेव्हा बायकोला दिवस गेले होते. तो महिनाभर माझी झोप उडाली होती, सांगतो. पोरगी झाली, धडधाकट झाली. खंडोबानं माझं काही केलं नाही.

वकील पडला. फार मोठ्या फरकानं नाही, म्हणून लोक जास्त चवताळले. तेव्हा मोजणी पेटीवार व्हायची, कुठल्या केंद्रावर कुणाला किती ते एजंटांना कळायचं. दोस्ताच्या वस्तीची पेटी शब्दाप्रमाणं निघाली, शब्दाहून दोन-चार जास्तच. आमच्या रहाटणीच्या पेटीत, आसपासच्या गावांतल्या जितक्या कामगारांनी भंडारा उचलला होता त्याच्यापेक्षा चाळीसेक मतं कमी पडली.

मी हादरलो. मला वाटलं होतं, फुटणारा मी एकटा. चाळीस! दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमधे प्रत्येक तोंडाकडं बघत होतो, हा असेल का, तो असेल का. ते माझ्याकडं बघत होते. सगळे मिळून फुटणाऱ्यांना शिव्या घालत होते आणि मीही घालत होतो. चाळीस माणसं एकाच पापाची, आणि एकानं दुसऱ्याशी बोलायची सोय नाही. गोठ्याशेजारच्या त्या खोलीतसुद्धा मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, ज्यानं शपथच घेतली नाही त्याला विचारा. बस, वाट सापडली! त्यानं उचलला नाही म्हणून बाकीच्यांचं मन डळमळलं, त्यानंच पोरं फितवली, त्याला मालकांनी गाठलं असणार. त्याच्या वस्तीची पेटी भरून निघाली ते कुणी काढीना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं फाशीचा दोर चोरांनीच वळला होता.

यादी करायला युनियनची कमिटी बसली. मला आत बोलावलं. सेक्रेटरी मधे, आजूबाजूला पाच-सहा जण. सेक्रेटरी म्हणाला, "तू त्याच्याबरोबर जेवतोस, फिरतोस. त्यानं तुला किंवा कुणाला मत फिरवायला सांगितलं का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण मी नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कुणी सांगितलं? आणि भाऊ चिंचवडच्या वर्कशॉपमधे आठवडाभरापूर्वीच लागला होता. मी म्हणालो, "साहेब, आमचं राजकारणावर बोलणं होत नाही."

सेक्रेटरीनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे, जा."

यादीत त्याचं नाव आलं नाही. महिनाअखेरीला त्याला ब्रेक मिळाला आणि त्यानंतर परत बोलावलं नाही. शेवटच्या दिवशी तो गेटबाहेर माझी वाट बघत उभा होता. मी त्याला टाळून दुसऱ्या बाजूनं निघणार होतो, पण त्यानं बघितलं. जवळ आला. वाटलं, कानफटात देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आपलं राजकारणावर बोलणं होत न्हाई व्हय राव?" हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. मी मान खाली घातली. तो थोडा वेळ थांबला. मग तो गेला. पंधरा दिवसांनी वस्तीत गेलो तर त्याच्या झोपडीत दुसरं बिऱ्हाड. बायकापोरांना घेऊन कुठं गेला, शेजाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं मुंबई, कुणी म्हणालं गावी.

त्यानंतर मी पाण्याच्या टाकीजवळ आमच्या जिल्ह्याच्या माणसांत जेवायला बसू लागलो. पत्रं एका क्लार्ककडून लिहून घ्यायचो. "सर्व खुशाल" एवढीच. भाऊ मार्गी लागला, त्याचं लग्न झालं, सांगवीला त्यानं घर बांधलं. माझ्या कपाळाचं त्याला काय माहीत? तो येता-जाता म्हणायचा, दादा, मुकादमाचे उपकार हो. मी हो म्हणायचो. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला मंडळं आली, युनियन आली, चहा झाला. मी सगळ्यांना हो म्हणायला शिकलो.

सेक्रेटरी निवृत्त झाला तो ऐंशी सालानंतर, एक्क्याऐंशी असेल नाहीतर ब्याऐंशी. दम्यानं जर्जर झाला होता. मी भेटायला गेलो. बायकोनं चहा दिला आणि ती आत गेली. आम्ही दोघंच. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "साहेब, सदुसष्टला मी भंडारा उचलून मत तिकडं टाकलं होतं." पंधरा वर्षांचं गाठोडं एका दमात टाकलं.

तो शांतपणे बशीतला चहा प्याला. म्हणाला, "ठाऊक आहे की."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुझा भाऊ मुकादमाच्या वशिल्यानं लागला, ते काय लपून राहणार होतं? चाळीसांतल्या तिसांची नावं कमिटीला ठाऊक होती. पण तीस माणसं काढली तर युनियन उरते का? कुणा एकावर ढकलायला पाहिजे होतं. त्याला मी एकट्याला बोलावून म्हणालो, फुटलेल्यांतलं एक नाव सांग, तुला यादीत घालतो. तो म्हणाला, मला ठाऊक न्हाई."

"त्याला ठाऊक होतं. माझ्या नारळाचं मीच सांगितलं होतं त्याला."

"मला वाटलंच." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाला, "कमिटीत दोघं त्याच्या बाजूनं होते. मलाही त्याला काढणं जड जात होतं. म्हणून तर तुला आत बोलावलं. म्हटलं, हा दोस्त आहे, हा नाही म्हणेल, की लगेच विषय मिटवू. तुझ्या तोंडाकडं बघत होतो आम्ही. तुला पुढं काही विचारणार नव्हतो रे."

मी बसून राहिलो. एका 'नाही'नं तो कायम झाला असता. मला कसलीही इजा झाली नसती. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी मला ठेवलंच होतं.

मी म्हणालो, "मला त्याला भेटायचंय. पत्र तरी टाकायचंय."

"टाक की. गाव कुठलं त्याचं?"

मी जिल्हा सांगितला. त्यानं तालुका विचारला, तो नुसत्या अंदाजानं सांगितला. गावाचं नाव मला सांगता येईना. तो माझं गाव, माझी आई, माझ्या बायकोला काय आवडतं, सगळं जाणून होता. त्याचं गाव कुठलं, हे त्याला विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.